जावयाची खाट गोठ्यात कशी गेली

ता. लाखांदूर, जि. भंडारा
बुद्धपौर्णिमेनंतरचा मंगळवार, भर दुपार

आदरणीय व्याहीबुवा दादाजी यांना सुखरामचा सप्रेम जयभीम. विहीणबाई मनकर्णाबाई यांनाही जयभीम (त्या घेणार असतील तर). इकडे मी, पार्वताबाई आणि ढोरे मिळून सगळे जिवंत आहोत. यंदाच्या उन्हात यापेक्षा मोठी खुशाली कोणी सांगितली तर ती खोटी समजावी. आपला गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? आपल्या बपेऱ्याकडे संध्याकाळी नदीवरून वारा येतो असे ऐकतो. आमच्याकडे वाराही येतो, पण तो चुलीतून निघाल्यासारखा येतो.

पत्र पाहून नवल वाटेल. परवा मी फोन केला तर आपण 'बरं बरं' म्हणून ठेवून दिलात. दुसऱ्यांदा केला तो विहीणबाईंनी उचलला, आणि ज्या घरी जावयाला ढोरांत झोपवतात त्या घरी आम्ही आमची सून बाळंतपणाला पाठवणार नाही, असे एका दमात सांगून त्यांनीही ठेवला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. म्हणून म्हटले पत्रच लिहावे. तेही अर्धे वाचून ठेवून देता येते म्हणा, पण लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, एवढी सोय आहे.

तर प्रतिक्षाचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे की सासरी, हा विषय मी या पत्रात मुळीच काढणार नाही. आम्ही तिचे आईबाप असलो तरी आता ती आपली सून आहे. डॉक्टरांनी मृगातली तारीख दिली आहे, पार्वताबाईने आपल्या मऊ झालेल्या साड्यांची दुपटी शिवून पेटी भरली आहे, डिंक-खोबरे आणून डब्यात ठेवले आहे. पण ते डिंकाचे लाडू आम्ही दोघे खाऊ आणि दुपटी पांघरून झोपू, त्याची आपण काळजी करू नये. मला फक्त जावईबापूंच्या खाटेचा खुलासा करायचा आहे.

खाटेचा खुलासा करायचा तर गाईपासून सुरुवात करावी लागते. आमची चिमणी आपण पाहिलेली नाही. नाव चिमणी असले तरी जर्सीच्या वळणाची आहे, आणि गोठ्याच्या दारातून निघताना दोन्ही बाजूंना घासून निघते. (नाव ठेवले तेव्हा ती लहान होती. माणसांचेही असेच होते. आमच्या गावातला बारक्या आता दारात मावत नाही.) गेल्या उन्हाळ्यात हिचे पहिले वासरू उन्हाने गेले. ती मग बरेच दिवस रिकाम्या दाव्याकडे बघून हंबरायची आणि पार्वताबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसायची. यंदा पुन्हा तेच दिवस, तेच ऊन आणि गाय पोटाशी. ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितले की हिला गारव्यात ठेवा, नाहीतर वासराचे काही सांगता येत नाही. घरात कूलर एकच. तो उचलून गोठ्यात लावला. आम्ही दोघे अंगणात निंबाखाली पडायला लागलो, आणि गाय कूलरपुढे तोंड करून रवंथ करायला लागली. सगळे सुखात होते. तेवढ्यात आपला निरोप आला की विहीणबाईंनी अश्वजितबापूंना पाठवले आहे, बाळंतपणाच्या दृष्टीने घर कसे आहे, हवा येते का, ते बघून ये म्हणून.

पार्वताबाईने त्याच क्षणी कूलर घरात आणायचा हुकूम सोडला. मी म्हटले, गाय? ती म्हणाली, जावई. कूलरच्या ताट्या जुन्या, काळ्या पडलेल्या. त्यांतून वाऱ्यापेक्षा वासच जास्त यायचा. म्हणून मी एसटीने लाखांदूरला जाऊन वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या, चांगल्या भिजवल्या आणि पाणी निथळायला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आता बघा, जन्म ढोरांत गेलेल्या माणसाने हिरवट, ओला, सुगंधी गवताचा पेंढा, तोही लाकडी चौकटीत नीट बसवून, गाभण गाईच्या तोंडापुढे ठेवावा का? मी ठेवला. अंघोळ करून आलो तेव्हा चौकटी तेवढ्या शिल्लक होत्या. चिमणी डोळे मिटून उभी होती आणि तिच्या ओठाला वाळ्याची एक काडी चिकटलेली होती. पोटुशीला डोहाळे लागतात, त्यात तिची काय चूक?

जुन्या ताट्या मी आधीच उकिरड्यावर टाकून त्यांच्यावर शेणही टाकून मोकळा झालो होतो. जावईबापू तर साकोलीला बस बदलून निघालेसुद्धा होते. शेवटी चौकटींत धानाचे तणस कोंबले. डोके चांगले चालले होते, पण ते तणस बांधायला आणखी थोडे चालायला हवे होते. जावई जेवायला बसले, पार्वताबाईने कोंबडीचा रस्सा वाढला, मी मोठ्या थाटात बटण दाबले, आणि कूलरने पहिल्या दमात तणसाचे अर्धे पुंजणे जावयांच्या अंगावर फेकले. डोक्यावर तणस, भुवयांवर तणस, रश्श्यात तणस. खळ्यावरून उठून आलेल्या माणसासारखे दिसत होते बिचारे. आपण मुलाला काय वळण लावले आहे, व्याहीबुवा! भाताच्या घासातून एक काडी काढायची, ताटाच्या कडेला ठेवायची, पुढचा घास घ्यायचा. जेवण होईस्तोवर ताटाच्या कडेला वासराला एक वेळ पुरेल इतका चारा जमला.

इकडे गोठ्यात चिमणीने जीभ बाहेर काढली. धाप लागली, तोंडाला फेस आला. मी ओली पोती तिच्या पाठीवर टाकत होतो आणि पार्वताबाई घरात जावयाला वारा लागतो का ते बघत होती. पण तिचाही जीव गोठ्यातच होता, हे मला तिच्या पावलांवरून कळत होते. जावई हात धुऊन परसात आले, गाईकडे बघितले आणि म्हणाले, "मामाजी, गाईले धाप लागून राहिली. कूलर इकडंच आना, अन् माही खाट बी इकडंच टाका." मी नको नको म्हटले. (खरे सांगतो, तीनदा म्हणायचे असते तिथे दोनदाच म्हटले.) त्यांनी स्वतः एका बाजूने कूलर उचलला, दुसऱ्या बाजूने मी. शेणकूट काढून जागा झाडली, खाट टाकली, आणि चिमणी आणि जावईबापू एकाच वाऱ्यात झोपी गेले. म्हणजे खाट गोठ्यात गेली ती अशी. तिला आम्ही नेली नाही, ती जावयांच्या पाठोपाठ गेली.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट गोठ्यातच राहिली असती. पण गावात दुपारी गार वारा फक्त आमच्या गोठ्यात आहे, ही बातमी लपते का? आधी फागोजी आले. त्यांच्या तीन म्हशी आहेत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तीन मते आहेत. मग बाकीचे आले. तलाव आटला, म्हशींना लोळायला चिखलच उरला, तणस पावसापर्यंत पुरते की नाही, डेअरीवरच्या फॅट काढायच्या मशीनला उन्हाळ्यात मस्ती येते, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या बकरीला तिळे झाले, हे सगळे रोज दुपारी जावयांच्या खाटेच्या काठावर बसून चालायचे. जावई तुमसरला मोबाइल दुरुस्त करतात हे कळल्यावर लोक फोनही आणू लागले. एकाचा फोन ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात पडला होता, तो त्यांनी उघडून कूलरपुढे वाळत ठेवला. फागोजींनी तर चौथ्या मताप्रमाणे आपली एक म्हैसच दारात आणून उभी केली, तिलाही जरा वारा लागू द्या म्हणून. चिमणीने तिच्याकडे असे बघितले की म्हैस आपणहून परत गेली.

आणि नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या मंगलाबाई ताक मागायला आल्या. सगळे उठून गेलेले, जावई एकटे झोपलेले, आणि चिमणी त्यांचे केस चाटत होती. (त्यांच्या डोक्याला खोबरेल असते, आणि गाईला मीठ लागते. घामाचे.) मंगलाबाईंची बहीण आपल्याच भागात दिलेली, हे आपण जाणताच. इकडे चहाला उकळी फुटायच्या आत बपेऱ्यात बातमी, "अवं, सुखरामनं जवाई ढोरात बांधला वं!" विहीणबाईंनी घाबरून फोन केला, बापू म्हणाले, मी मजेत आहे, मला काही त्रास नाही. आणि त्याच वेळी पाठीमागून चिमणी हंबरली. पोराला खरे बोलू देत नाहीत, असे विहीणबाईंना वाटले असेल तर मी त्यांना दोष देत नाही. मलाही तसेच वाटले असते.

आता पौर्णिमेचे ऐका. दुपारी विहारात वंदना झाली, खीर वाटायला सुरुवात झाली. मी वाढण्यावर होतो, पार्वताबाई पातेल्यापाशी. बापू म्हणाले होते, तुम्ही दोघे जा, मी गाईपाशी थांबतो. भोंगा इतका मोठा लावला होता की माझा फोन खिशात वाजून वाजून दमला. फागोजींच्या नातवाने येऊन गाय व्यायला लागल्याचे सांगितले तेव्हा मी खिरीचा डाव हातात घेऊनच पळत सुटलो. उन्हात पाय भाजत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचे ते रिकामे दावे. दारात पोचलो तर गोठ्यात कूलरचा आवाज नाही.

आत बघतो तर कालवड. ओली, तांबडी, चारी पाय चार दिशांना टाकून उठायची खटपट करत होती, आणि चिमणी तिला चाटत होती. बापू तिच्याजवळ जमिनीवर बसलेले, अंगातून घामाच्या धारा. मी विचारले, कूलर का बंद? वीज गेली? ते म्हणाले, "नाही जी. पोरगी ओली हाय, तिले थंडी बाजन." व्याहीबुवा, ज्या वाऱ्यासाठी आम्ही आठवडाभर एवढा खटाटोप केला, तो वारा त्या माणसाने एका ओल्या वासरासाठी बंद केला आणि स्वतः भट्टीत बसून राहिला. मी गड्यासारखा गडी, पण तिथेच डाव हातात धरून रडलो. आमची मुलगी चांगल्या घरी पडली, हे मी लग्नापासून म्हणत आलो. त्या दिवशी डोळ्यांनी बघितले.

सगळे नीट झाले. जार पडली, चिमणीने गूळ-बाजरी खाल्ली, कालवड दुसऱ्या दिवशी उड्या मारू लागली. जन्म पौर्णिमेचा म्हणून तिचे नाव पुनव ठेवले. पार्वताबाई महिन्यात पहिल्यांदा दुपारी झोपली. जावईबापू उद्या सकाळच्या गाडीने निघतील, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि खरवसाचा डबा पाठवतो. डबा लाखनीच्या पुढे भरलेला राहील याची हमी देत नाही, पत्र मात्र पोचेल. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जयभीम, गुडघ्याला तेल.

आपला,
सुखराम

ता. क. तो विषय काढणार नाही असे वर लिहिले आहे, ते तसेच असू द्या. पण प्रतिक्षाला पाठवा हो. तिची आई रोज पेटी उघडते आणि बंद करते. कूलर मी स्वतः घरात लावीन, ताट्या नव्या आणीन आणि गोठ्यापासून लांब वाळवीन.

ता. क. दुसरा. एक गोष्ट लपवणे बरे नाही. वासरू पुसायला बापूंच्या हाताला काही लागेना, म्हणून त्यांनी घरात धावत जाऊन पेटीतली दुपटी काढली. नातवंडाआधी पुनवने वापरली. पार्वताबाई रागावली नाही. धुऊन वाळत घातली आणि म्हणाली, शकुन झाला. आणि हो, घरात फार उकडते म्हणून हे सगळे पत्र मी गोठ्यात बसून लिहिले आहे. कागदावर डाग दिसला तर तो शाईचा समजावा.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच विहीणबाईंचा फोन आला. बापूंनी त्यांना पुनवचा फोटो पाठवला होता, आणि वासराभोवती गुंडाळलेले दुपटे त्यांनी ओळखले. "माही साडी हाय थे! लग्नातल्या आहेराची!" मला वाटले, आता उरलेलेही संपले. पण त्यांनी फोन पार्वताबाईकडे द्यायला सांगितला. मग पार्वताबाईला म्हणाल्या, की तीन वर्षे मला वाटत होते तुम्ही ती कोणाला देऊन टाकली असेल, तुम्ही तर वापरून वापरून मऊ केली आणि माझ्या नातवासाठी शिवली. दोघी रडल्या. माझा फोन होता, म्हणून मला ऐकावेच लागले. रविवारी त्या स्वतः प्रतिक्षाला घेऊन येत आहेत, आणि बाळंतपण होईस्तोवर इथेच राहणार आहेत. आता या पत्राची गरज उरली नाही, पण लिहिले आहे तर पाठवतो. पार्वताबाईने पेटी पुन्हा उघडली आहे, या वेळी बंद केलेली नाही. एवढे मात्र आपण विहीणबाईंना हळूच विचारून कळवा: कूलर एकच आहे, आणि तो आता लेकीच्या खोलीत जाईल. तर त्यांची खाट कुठे टाकू? गोठ्यात जागा आहे, पण तिथे वारा नाही.