दोन हकिमांचं औषध

इस्लामपूर,
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय अमीर,
सलाम आणि खूप दुवा.

"दोन हकिमांचं औषध एका पोटात घालू नगा." काष्ठौषधीच्या दुकानात पुडी बांधता बांधता अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, आठवतं? सकाळपासून तेच कानात आहे.

तुझं कोरियाहून पार्सल मिळालं. अम्मीच्या फिटवरच्या काढ्याची पाकिटं फडताळात लावून ठेवलीत. थंडी ओसरलीय. माझी अर्फा दहावीच्या अभ्यासात आहे. फोनवर अम्मी शेजारीच असते, म्हणून हे लिहून पाठवतेय.

काढा ती रोज बिस्मिल्ला म्हणून घेते. कडू लागला की हसते. "पोरगं लांब गेलं, पर हात बापाचाच हाय." तिथल्या वैद्यांनी काढ्यासोबत इथल्या डॉक्टरच्या फिटच्या गोळ्या बंद करू नका म्हटलं होतं, तूही तिला बजावलंस. "व्हय, व्हय," म्हणाली. आणि गोळ्या कोरफडीच्या कुंडीत पुरत गेली. तुझ्या औषधात दुसऱ्याचं औषध मिसळायला नको, म्हणून. कुंडी मी फार उशिरा उकरली.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा ती झोपलीय असं मी म्हणाले. ती सांगलीला दवाखान्यात होती. भाकरी टाकताना तिच्या उजव्या हाताची बोटं उडायला लागली, तोंड ओढलं गेलं. एरवी एवढ्यावर थांबतं. या वेळी हात तव्यावरच राहिला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. वास आला म्हणून आत धावले, तोवर सगळं अंग आखडलं होतं.

"मला समदं कळत हुतं गं," नंतर म्हणाली. "हाक तेवढी निघंना."

ती बोटं आता मिटत नाहीत. अजूनही गोळी दिली की थुंकते. "तुज्या डॉक्टरनं तुज्या अब्बांना वाचवलं का?" पुढची फिट थांबलीच नाही तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

गोळ्या घे, हे तुझ्याकडून तिचं ऐकून झालंय. आता फोन करून एवढंच म्हण, "अम्मी, माझं औषध टाकून दे. ते लागू पडत नाही." अब्बांच्या मय्यतीला तुला येता आलं नाही. त्यांच्या घरासाठी हा काढा तेवढा तुझ्या हातून होतोय, कळतं मला. म्हणूनच तू नाही म्हणशील.

तरी म्हण.

तिच्या डाव्या हाताशी फोन ठेवून बसलेली,
तुझी आपा
समीना