तीन दात्यांची गाडी

ब्रेझना, ४ सप्टेंबर १९८७

चि. स्तामेना हिस वेलिसावकाकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. काकू बरी, गाय बरी; गाडी सोडून सगळं बरं. इंजिनातल्या टायमिंग पट्ट्याचं वरचं दातेरी चाक झिजलं होतं, नवीन आणलं. चाकाची खूण हेडच्या खुणेला, खालच्या क्रँकची इंजिनावरच्या खुणेला, वर पट्टा ताणून बसवला. भांग पाडावा तसं सरळ. चालू केली तर खोकते. तीनदा उघडली, तीनदा जुळवली, तीनदा खोकली. शेजारचे ओब्रेन, मिलुतिन आणि ड्रागिशा अंगणात ठाण मांडून असतात. दर वेळी किल्ली फिरवायच्या आधी त्यांच्यासाठी आत जाऊन रकियाची बाटली आणि चीज आणायचं, त्यातच दिवस जातो. ओब्रेन म्हणतो, चाकच खोटं आहे.

वीस तारखेला घाटापलीकडे आपल्या येलिसावेताच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा. धर्मबाप मी, मी पोचल्याशिवाय लेकराला नाव नाही. तिकडे बस जात नाही, आणि लोकाच्या ट्रॅक्टरवर लोंबकळत गेलेला धर्मबाप आपल्या घराण्यात झालेला नाही. तू बसगाड्या दुरुस्त करतेस, तर काकाची अब्रू वाचव.

तुझा काका

चाचक, ९ सप्टेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आगारात बसखाली आडवं पडून वाचलं आणि तिथेच डोकं आपटून घेतलं. आधी किल्लीला हात लावू नका. पट्टा चुकलेला असताना पिस्टन व्हॉल्व्हवर आदळला, तर गाडीत कोंबड्या पाळाव्या लागतील. क्रँकला पाना लावून हाताने पुऱ्या दोन फेऱ्या द्या आणि खुणा परत बघा. अडलं तर जोर करू नका.

दुसरं. खुणा दर वेळी जुळल्या, आणि दर वेळी तुम्ही रकिया आणायला आत गेलात. मागे अंगणात कोण होतं? ओब्रेनकाकांनी माझ्या लग्नात वाजंत्र्याचा अकॉर्डियन ‘जरा सैल वाटतो’ म्हणून उघडला होता. एक दिवस फाटक लावून काम करा. काकूला नमस्कार, आणि शेजाऱ्यांवर संशय घेतला म्हणून आलेला राग ओसरला की लिहा.

स्तामेना

ब्रेझना, २१ सप्टेंबर

चि. स्तामेना हिस आशीर्वाद.

फाटक लावलं. चाळीस वर्षांत दिवसाउजेडी कधी लावलं नव्हतं. कुंपणावरून मिलुतिन ओरडून विचारत होता, कोण गेलं म्हणून. झाकण काढलं, तर पट्टा तीन दाते पुढे. परत जुळवला, दोन फेऱ्या दिल्या, खुणा जागच्या जागी. किल्ली फिरवली आणि गाडी मांजरासारखी गुरगुरली.

मग फाटक उघडून तिघांना जाब विचारला. ओब्रेन छातीवर हात ठेवून म्हणाला, तू दमला होतास रे, मी फक्त एक दाता सरकवला. मिलुतिनने एक. ड्रागिशानेही एक. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही, आणि सगळं माझ्यावरच्या मायेपोटी. मी तोंड उघडतो तोच तिघे भांडायला लागले, की गाडी सुरू झाली ती कोणाच्या दात्याने. मी पुन्हा आत गेलो, बाटली आणली.

काल वेळेवर पोचलो. घाटात एकदाही खोकली नाही. येलिसावेताच्या सासूने ल्युबिंका हे नाव माझ्या कानात दोनदा घातलं होतं. पाद्रीबाबांनी नाव विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं स्तामेना. धर्मबापाचा शब्द, फिरवता येत नाही. सासूबाईंनी जेवणात मला नुसतं हाड वाढलं.

आता दोन स्तामेना झाल्यात. थोरलीने काकाला शिव्या घालाव्यात, पण पत्रातून, आणि लवकर.

वेलिसावकाका