उंबऱ्याबाहेरचा कोट

आप्पा,

आज रविवार. डिसेंबर लागलाय, सकाळी बेळगावात धुकं होतं. दहाच्या सुमारास कॅम्पातून तुमच्या नातीच्या होणाऱ्या सासूबाई आल्या. चहा-पोहे झाले. मग त्यांनी मोठ्या पिशवीतून एक कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यांचे यजमान फौजेत असताना उत्तरेकडच्या बदलीत घेतलेला. लग्नानंतर पोरगी कॅनडाला जाणार, तिथल्या बर्फात उपयोगी पडेल म्हणून आणलेला. "खऱ्या फरचा आहे," त्या म्हणाल्या. "हात लावून बघा ना." मी लावला. त्या गेल्यावर तो कोट मी उंबऱ्याबाहेर चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवला आणि लिहायला बसले.

फर हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मराठीत लव म्हणतात, पण लव तान्ह्या पोराच्या कपाळावर असते, नाहीतर भिजलेल्या पापडावरच्या बुरशीला आपण लव आली म्हणतो. तुम्ही म्हणायचात केसाचं कातडं. तेच बरोबर आहे. कॉलरच्या आतलं अस्तर एका ठिकाणी उसवलं होतं आणि तिथून खालची बाजू दिसत होती. पिवळट, वाळलेली, बारीक टाके घातलेली. वर डांबरगोळ्यांचा वास आणि त्याच्या मागे दुसरा, जो डांबरगोळीला दबत नाही. माझ्या जिभेवर जाड थर चढल्यासारखं झालं. बाई मात्र मांजर कुरवाळावं तशा त्याच्यावरून हात फिरवत होत्या. केस एकीकडं पडायचे, पुन्हा उठायचे, आणि प्रत्येक वेळी मला खाली काहीतरी श्वास घेतंय असं वाटायचं.

बाई वाईट नाहीत. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "तुमच्याकडं चामड्याचं काहीच दिसत नाही. पोरीची पर्ससुद्धा कापडी. बौद्ध म्हणून ना? अहिंसा?" मग हसल्या. "पण मटण तर तुम्ही झकास करता." मी म्हणाले, "सवय आहे." एवढंच. आपण कोण हे त्यांना माहीत आहे, त्याला त्यांनी हरकत घेतलेली नाही. पण आपल्या जातीला गावात कोणतं काम करावं लागायचं, हे मऊ कातडं आधी कुणाच्या हाताखालून जायचं, हे त्यांच्या मनात आलंच नाही. वास घ्यायला एक माणूस आणि कुरवाळायला दुसरं, असं चालत आलेलं आहे. मला कोटापेक्षा त्या रीतीची किळस जास्त आली.

निपाणीचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सहावीत. तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलीनं मला सशाच्या कातड्याची पेन ठेवायची पिशवी दिली आहे. चुलीजवळ बसून मी ती गालावर फिरवते आहे, आणि तुम्ही शाळेतली शिपायाची ड्यूटी संपवून दारात येता. चप्पल काढता काढता थांबता.

"कुठनं आणलंस हे?"

आई मध्ये पडते. "आवो, सशाचं हाय त्ये. दिलंय मैत्रिणीनं."

"कशाचं का असंना. ह्या घरात केसाचं कातडं याचं न्हाय. कातड्याची हलगीबी आली न्हाय हितं, हे कशाला?"

मला नळावर नेऊन तुम्ही चिंच आणि राखेनं माझे हात चोळलेत, लाल होईपर्यंत. मी रडत होते. तेव्हा, एकदाच, तुम्ही सांगितलंत. संकेश्वराकडच्या गावात मेलेली म्हस ओढून न्यायला तुम्ही तुमच्या वडलांबरोबर जायचात. "जनावर गार पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचड्या ऊब हुडकत्यात, बाळ. म्हातारा सोलाय बसला की त्या आमच्या दंडावर चढायच्या. समद्या गल्लीनं मिळून त्ये काम सोडलं. सोडलं म्हंजे सोडलं." दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून मखमलीची निळी पिशवी आणलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "मऊच पायजे व्हतं न्हवं?"

दुपारी पोरगी घरी आली ती दारातच ओरडली. "आई, सासूबाईंचा कोट चपलांवर काय करतोय?"

मी तिला सांगितलं. चामडं घरात नको एवढंच ती लहानपणापासून ऐकत आली होती, का ते मी कधी बोलले नव्हते. ती पायरीवर बसून राहिली.

"आजोबा म्हशी सोलायचे?"

"ओढायचे. सोलायचे त्यांचे वडील."

"हा म्हशीचा नाहीये गं. कोल्हा असेल, नाहीतर काहीतरी." हसायला गेली, पण जमलं नाही. तिनं उसवलेल्या अस्तराला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "मग हा कुणी सोलला असेल?"

ती उठली, कोट पिशवीत घातला. "मी परत देऊन येते."

"काय सांगशील?"

"जे तू आत्ता सांगितलंस ते."

"राहू दे. थंडी असते तिकडं, कोट ठेवून घे. लग्न तोंडावर आलंय."

"आई, लग्नानंतर कळलं तर बरं का?" एवढं बोलून तिनं स्कूटर काढली. तिला जाऊन आता तास होत आला. फोन नाही. त्या बाई काय म्हणतील, पुन्हा आपल्याकडं तशाच मोकळेपणी पोहे खातील का, मला माहीत नाही. पण कोट गेला, आणि तुमचा नियम मोडला नाही.

एक मात्र पोरीला सांगितलं नाही. बाई गेल्यावर, कोट बाहेर ठेवायच्या आधी, मी तो एकदा गालाला लावला. वास येत होता, तरी लावला. मऊ होता, आप्पा.

चिंच भिजत घातली आहे. राख आता घरात नसते, म्हणून मीठ घेतलं. आता उठून नळ सोडते आणि चोळते, आधी हात, मग गाल.