चरबीत वाटीभर पाणी

४ नोव्हेंबर
आज वन्संकडे जेवण. बटाटे मी भाजून नेले होते, तेलात. वन्संनी एक उचलला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, भाजलेत की आंघोळ घातलीयस?" सगळे हसले. हेही हसले. वर म्हणाले, बटाटे ताईनेच करावेत, तिला आईचा हात आहे. अडतीस वर्षं या माणसाला जेवू घालते आहे. माझ्या हाताबद्दल अवाक्षर नाही.

शाळेत सिस्टर सांगायच्या, राग आला की दहा आकडे मोजा. माझे आतापर्यंत काही लाख झाले असतील.

वन्संचं गुपित एवढंच, की त्या बटाटे घरी कढवलेल्या चरबीत भाजतात. सासूबाईंनी लेकीला शिकवलं, सुनेला नाही. ठरलं. २० डिसेंबरला वन्संच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची, पंच्याहत्तरी आमच्याकडे. बटाटे मी करणार, तसं जाहीर करूनच आले. वन्सं म्हणाल्या, कर हो, नाही जमलं तर मी आहेच.

त्या 'आहेच'चा सूड घेणार.

६ नोव्हेंबर, सकाळी १०
वन्संना फोन. आवाज शक्य तितका गोड. कृती अशी: गुर्द्याभोवतीची चरबी घ्यायची, बारीक चिरायची, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर तीन तास ठेवायची, मग फडक्यातून गाळायची.

'वाटीभर' म्हटल्यावर त्या थांबल्या. चांगल्या चार-पाच सेकंद. मग 'पाणी'. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते मी. फोनवर थांबून बोलणारा माणूस खोटं बोलत असतो. चरबीत पाणी म्हणे. मला काय दुधखुळी समजतात? पाणी रद्द.

८ नोव्हेंबर
खाटकाने आपणहून गुर्द्याभोवतीची चरबी काढून ठेवली. तुमच्या नणंदबाई हीच नेतात, म्हणाला. म्हणजे हाही फितूर. दुसरी कुठलीही द्या म्हटलं. कुत्र्यासाठी का, असं त्याने विचारलं. पैसे टाकून निघाले.

९ नोव्हेंबर
बिनपाण्याची कढवली. तळाला चिकटली, जळली. धूर इतका, की शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. ठीकच आहे. दोष पातेल्याचा. पातळ बुडाचं आहे. लग्नात वन्संनीच दिलेलं.

बेत किती जुना आहे ते आज कळलं.

२३ नोव्हेंबर
जाड बुडाचं नवं पातेलं आणलं. मंद आच तीन तास, हा तर सरळसरळ माझ्या गुडघ्यांवरचा हल्ला. मोठ्या आचेवर पाऊण तासात उरकलं. रंग कडक चहासारखा. वास पडद्यांना, उशांना, माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाला. हे नाकाला रुमाल लावून पेपर वाचतात. वाचू देत.

१५ डिसेंबर
पाच वेळा करून झाली. खाटीक मला लांबून पाहूनच हसतो. हे म्हणाले, ताईला परत एकदा विचार ना. यांच्याशी बोलणं बंद.

१८ डिसेंबर, दुपारी ४
वन्संचं खोटं उघडं पाडावं म्हणून, केवळ पुराव्यासाठी, त्यांच्या कृतीने कढवली. गुर्द्याभोवतीची चरबी, वाटीभर पाणी, तीन तास, स्टुलावर बसून. पाणी हळूहळू उडून गेलं, चरबी नितळ सुटली. गार झाल्यावर पांढरीशुभ्र. वास नाही.

आता डाव लक्षात आला. मी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून बाईने मुद्दाम खरं सांगितलं.

२० डिसेंबर
बटाटे बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. भाऊजींनी तीनदा घेतले. वन्सं हात हलवत आल्या होत्या, बटाट्यांचा डबा नाहीच. मी फक्त यांच्याकडे पाहत होते. यांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"वा," म्हणाले, "अगदी ताईसारखे."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

भांडी आवरताना वन्संना विचारलंच, त्या दिवशी फोनवर मध्येच थांबलात का? त्यांना आधी आठवेना. मग म्हणाल्या, "दूध उतू जात होतं गं, गॅस बंद केला." आणि जरा वेळाने, भांडं पुसत, "हात कापतात हल्ली. ते पातेलं उचलवत नाही. यापुढे तूच करत जा."

दहा मोजले. कशासाठी ते कळलं नाही.

२२ डिसेंबर, सकाळी ११
सुनेचा फोन. बटाटे फार आवडले, कृती हवी. मोठ्या मनाने सांगितली. 'वाटीभर' म्हणते तोच बेल वाजली. दारात खाटीक. वन्संनी माझ्यासाठी पाच किलो चरबी पाठवली होती, गुर्द्याभोवतीची. पिशवी आत घेतली, रिसीव्हर पुन्हा कानाला लावला आणि म्हटलं, पाणी.

पलीकडे शांतता. मग सून अतिशय गोड आवाजात म्हणाली, "पाणी. बरं हं, आई."

बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. ती पाणी घालणार नाही.