कापसाच्या खोलीचे कुलूप

जळगाव, ४ मे १९५४

आमच्या मोती कुत्र्याला उचलून कापसाच्या खोलीकडे धावलो, तर दाराला कुलूप. वीज कडाडली आणि तो अंगावर मुतला. मेघ गरजले की त्याला कापसाच्या ढिगात कुशीत घेऊन बसायचे. तिथे आवाज कमी येतो. ही युक्ती थोरल्या भावाची, नानांचीच.

नानांकडे किल्ली मागितली.

"उद्या व्यापारी येनार शे. कुत्राना एक केस दिसना ते बठ्ठा कापूस नापास."

एक केस दिसला तर सगळा कापूस नापास, मान्य; पण मला आधी का सांगितले नाही?

"कुत्राले इचारीसन कुलूप लावू का?" नाना हसले.

कुलूप नवे होते. म्हणजे बाजारात ते घेतानाच नानांचे ठरले होते. नवे कुलूप! मोतीने दार ओरबाडले, माझ्या हाताला चावला आणि पावसात पळाला.

सकाळी नशिराबादच्या रस्त्यावर दिसला. हाक मारली. आला नाही.