चार नंबरच्या बाकावरची शेवटची जाळी

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मध्यवर्ती रोपवाटिका कार्यालय.

विषय: चार नंबरच्या बाकावरील शेवटची जाळी सोमवारी न काढण्याबाबत, तसेच केलेले अभिनंदन परत घेण्याबाबत.

संदर्भ: १) आपले गेल्या आठवड्याचे अभिनंदनपत्र.
२) शेवटची जाळी काढण्याचा, नियोजन प्रोग्रामने काढलेला आदेश.
३) अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. सदर अर्जदार आपल्या रोपवाटिकेत शेडनेट सहायक म्हणून काम करते. चार नंबरच्या बाकावरील रोपांची सरासरी उंची सर्वांत वेगाने वाढल्याबद्दल आपण संदर्भ क्र. १ अन्वये तिचे अभिनंदन केले आहे व पत्राची प्रत सूचनाफलकावर लावली आहे. आभार मानणे कर्तव्य आहे, पण जीभ वळत नाही. सरासरी वाढली ती रोपे मेल्यामुळे. बुटकी होती ती आधी करपली, मेलेली मोजणीतून वगळली गेली, आणि उरलेल्या उंच रोपांची सरासरी आपोआप वर चढली. चाळीस होती, आता नऊ आहेत. याच हिशेबाने एकच उरेल तेव्हा हा बाक आदर्श ठरेल आणि आपण फोटोग्राफर पाठवाल, अशी अर्जदारास भीती वाटते.

२. रोपवाटिकेतली बाकीची रोपे रस्त्याकडेला लावायची आहेत. ती उन्हाची भुकेली. ऊन दिले की सरसर वाढतात. चार नंबरची रोपे घनदाट जंगलातल्या एका मोठ्या झाडाची आहेत. त्यांचा जन्मच थोरामोठ्यांच्या सावलीत होतो. ती अंधारात वीतभर उंचीवर वर्षानुवर्षे थांबतात, मुळांत साठवण करतात, पाने जपतात, आणि शेजारचे एखादे झाड पडून वर आभाळ मोकळे होण्याची वाट पाहतात. कार्यालय ज्याला ‘शून्य वाढ’ म्हणते, ते त्यांचे जगणे आहे. यांचे आईझाड वादळात पडले. बी सुकले की मरते, त्यामुळे साठवता आलेले नाही. तसले दुसरे झाड आपल्याच सर्वेक्षणात सापडले नाही. ही नऊ गेली की विषय संपला.

३. ऊन, पाणी, खत आणि कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या यांची सर्वांत चांगली मांडणी शोधणारा प्रोग्राम कार्यालयाने बसवला, तो अर्जदाराच्या पतीने लिहिलेला आहे. ते गणिताचे माणूस आहेत व वाईट नाहीत. त्यांनी घरी समजावले ते असे, की प्रोग्राम डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसासारखा आहे; तो पायाखाली चढ लागेल तिकडे पाऊल टाकतो, उतार लागला की ते पाऊल मागे घेतो, आणि उकिरड्याच्या ढिगावर पोहोचला तरी शिखर गाठले म्हणून तिथेच उभा राहतो. पहिली जाळी काढल्यावर रोपे खरोखर बोटभर वाढली, हे अर्जदार नाकारत नाही. पण बोट दिले की मनगट धरावे, तशी प्रोग्रामने दुसरी काढली, तिसरी काढली. आणि करपू लागलेल्या रोपाची उंची काही कमी होत नाही, त्यामुळे त्याला उतार कधी लागलाच नाही. अर्जदाराने करपलेले पान जेवणाच्या ताटाशेजारी ठेवले, तेव्हा पतीने ते उचलून उजेडात धरले. मग म्हणाले, “मी त्याला उंची वाढवायला सांगितलं होतं. जगवायला सांगितलंच नव्हतं गं.” ही बाब घरगुती आहे, अर्जात नको होती, पण त्या दिवसापासून ते नीट जेवलेले नाहीत. उद्दिष्टाची ती एक ओळ बदलणे त्यांच्या दृष्टीने चहा निवेपर्यंतचे काम आहे. मात्र आपल्या लेखी आदेशाशिवाय त्या ओळीला हात लावण्यास त्यांना सक्त मनाई आहे.

४. अर्जदार भांडारात जाळी मागण्यास गेली. ‘उत्तम’ शेरा असलेल्या बाकाला सुधारणेचे साहित्य देता येत नाही, असे भांडारपालांनी सांगितले. तिचा चेहरा पाहून, रोपांना उजेड कमी पडत असेल असे समजून, त्यांनी स्वतःचा एक दिवा देऊ केला. त्यांचा हेतू चांगला होता. त्यानंतर अर्जदाराने घरची चादर बांधली. उजेड घटल्याची नोंद होऊन चादर ‘अनधिकृत वस्तू’ ठरली व ती उतरवण्याचा आदेश निघाला. चादर अद्याप भांडारात जमा आहे.

५. कर्मचारी ही वस्तू नाही, त्यामुळे तिला उतरवण्याचा आदेश प्रोग्रामला काढता येत नाही, ही गोष्ट अर्जदाराच्या तेव्हा लक्षात आली. म्हणून ती सकाळी बाकाच्या पूर्वेला व दुपारनंतर पश्चिमेला उभी राहते. ऊन डोक्यावर येते तेव्हा वाकून दोन्ही हात पसरते. तिच्या सावलीत पाच रोपे मावतात. उरलेल्या चारांवर अजून शेवटची जाळी आहे, म्हणून निभावते आहे. सासूबाई घरी म्हणतात, “माणसं सावलीत बसायला जातात, आमची सून सावली व्हायला जाते.” त्या चेष्टा करतात, पण पाण्याची बाटली न चुकता भरून देतात. बाकावरचे जाळीचे काम मुकादमांकडे आहे. ते अर्जदारास म्हणाले, “बाई, सोमवारी कागद हातात असला तर मला जाळी काढावीच लागेल. त्याआधी दुसरा कागद आणा.” त्यांच्या आवाजात विनवणी होती, हे अर्जदार नमूद करू इच्छिते.

६. आता प्रोग्रामने अर्जदाराचाही उपाय शोधला आहे. चार नंबरच्या बाकावर उजेड अडतो तेव्हा अर्जदार ड्यूटीवर असते, एवढे त्याने बरोबर ताडले. सोमवारपासून तिची ड्यूटी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, माती चाळण्याच्या शेडमध्ये लावली आहे. त्या शेडला पक्के छप्पर आहे व तिथे दिवसभर गार सावली असते. हे वाचून अर्जदार भांडारामागे जाऊन रडली.

७. तरी विनंती की, या बाकापुरते ‘उंची’ हे उद्दिष्ट बदलून ‘जिवंत रोपे’ असे करण्याचा लेखी आदेश व्हावा आणि जाळ्या पुन्हा बांधाव्यात. ते लगेच शक्य नसेल तर निदान शेवटची जाळी राहू द्यावी. तेही शक्य नसेल तर अर्जदाराची ड्यूटी बदलू नये. आणि यातले काहीच आपल्या अधिकारात बसत नसेल, तर साहेब, आपण स्वतः एकदा भर दुपारी इथे यावे. काही बोलू नये, काही सही करू नये, फक्त बाकाशेजारी थोडा वेळ उभे राहावे. तेवढा वेळ दोन रोपांचे भागेल.

८. अर्जातील अक्षर वाईट आहे, त्याची क्षमा असावी. बसून लिहिले की सावली आखूड पडते, म्हणून हा अर्ज उभ्यानेच लिहिला आहे. अर्ज देण्यासाठी कार्यालयापर्यंत येणेही अर्जदारास जमणार नाही. तो मुकादम घेऊन येत आहेत. पतीने त्यांच्या कंपनीत रजा टाकली आहे. ते रोपवाटिकेचे कर्मचारीही नाहीत आणि वस्तूही नाहीत, म्हणून ते सोमवारपासून अर्जदाराच्या जागी उभे राहतील. ते अर्जदारापेक्षा वीतभर उंच आहेत. त्यांच्या सावलीत सात रोपे मावतात. उंची वाढल्याचा एवढा एकच फायदा अर्जदारास आजवर दिसला आहे. दोन मात्र उरतात.

आपली नम्र व अद्याप उभी,
(सही)
शेडनेट सहायक

स्थळ: चार नंबरचा बाक, पश्चिमेची बाजू
वार: शुक्रवार, दुपार

सोबत: १) करपलेले पान, एक.
२) अभिनंदनपत्राची प्रत, सूचनाफलकावरून काढलेली.
३) निरोगी पान जोडलेले नाही. तोडण्याइतकी पाने उरलेली नाहीत.