सासऱ्यांच्या गाडीची आयुधपूजा

म्हैसूर, सोमवार

वडीलधारे शेषगिरी अण्णा यांना नंजुंडय्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, वहिनींचा रक्तदाब, विनुताच्या लग्नाची धावपळ आणि आचाऱ्याशी तुमचं भांडण, सगळं नेहमीसारखं चालू असेल अशी आशा आहे. आम्ही दोघं ठणठणीत. (तुमची बहीण कमलाक्षी जरा जास्तच.) फक्त गाडी चालू होत नाही. झालं, सांगून टाकलं. तुमच्या लेकीला आजोबांच्या गाडीतूनच मंडपात जायचंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत गाडी शिमोग्याला पोहोचली नाही, तर 'मुलगा असताना जावयाला गाडी दिलीच कशाला' हे तुमचं जुनं तुणतुणं खरं ठरणार आणि गाडी कायमची तुमच्या दारात जाणार, हे मला कळतं. तुम्हाला आनंद झाला असेल. आवरा.

त्याचं असं झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कमलाक्षीने गाडीला आंघोळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. इथवर ठीक. मग तिने बॅटरी बाहेर काढायला लावली आणि तारा जोडायच्या दोन्ही खुंट्यांना स्वतः उगाळलेलं चंदन थापलं, वर कुंकू. (तुमच्या घरची माणसं हात राखून काही लावतच नाहीत, गंध असो की बोल.) बसवराज मिस्त्रीने ते डोळ्यांना लावून त्यावरच तारांच्या पकडी आवळल्या. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, तर नुसतं 'टक्'. हॉर्न वाजे, पण दमेकऱ्यासारखा.

मग जाणकार जमले. समोरचे चंद्रशेखर रोज सकाळी येऊन आमची कॉफी पितात, स्टार्टर गेला म्हणतात आणि त्याला हातोडीने बडवतात. बसवराज म्हणाला, बॅटरी. तुम्ही फोनवरून म्हणालात, वायरिंग. आणि वर, 'बाबांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं'. (बाबा गाडी नेहमी उतारावरच का उभी करायचे, हे कधी विचारलंत त्यांना?) नवी बॅटरी आणली. कोरी वस्तू बसवू नये म्हणून कमलाक्षीने तिलाही गंध थापलं. टक्! शेवटी बसवराजने तारेला दिवा जोडून तपासलं. मी चावी फिरवताना तार खुंटीला टेकवली की दिवा लख्ख, शेजारी पकडीला टेकवली की गुल. मधे काय? गंध! मी, बसवराज, चंद्रशेखर, तिघांनीही पाहिलं. पुसणार कोण? बसवराज म्हणाला, "साहेब, मला जन्मभर गाड्यांखालीच झोपायचंय. देवाचं गंध मी नाही पुसणार." चंद्रशेखरांना घरचा नळ उघडा राहिल्याचं आठवलं. दारात कमलाक्षी उभी होतीच. "पुसा की खुशाल! वाटेत लग्नाच्या गाडीला काही झालं, तर अण्णाला तोंड तुम्ही दाखवा." मी कुणाच्या बापाला भीत नाही, हे तुम्ही जाणताच. मी बॉनेट लावलं आणि आत जाऊन उप्पिट्टू खाल्लं.

तेव्हा गाडी वेळेवर येईलच. निश्चिंत असावं.

तुमचा,
नंजुंडय्या

ता. क. : आज सकाळी कमलाक्षी गल्लीतल्या देवळात गेल्यावर मी पकडी सोडवून सगळं खरवडून काढलं. चावी लावायचा अवकाश, गाडी सुरू! मला रडूच आलं हो, अण्णा. तो आवाज ऐकून ती देवळातून धावत आली. "पाहिलंत? पावली की नाही पूजा?" मग डोळे पुसत पुसत तिने बसवराजला हाक मारली, पकडी पुन्हा सोडवून घेतल्या आणि गंधाची उरलेली अख्खी वाटी खुंट्यांवर रिकामी केली. टक्.

आणखी एक : हे फोनवर बोलता येत नाही, कारण आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. पत्र मिळताच तुम्हीच फोन करा, 'कमलाक्षी, तुझ्यावाचून इथे पान हलत नाही' म्हणा, आणि तिला पुढच्या बुधवारीच बोलावून घ्या. बसने. मी मागून एकटा गाडी घेऊन येतो. आणि तिथे पोहोचल्यावर तिच्या हातात गंधाची वाटी दिसली, तर गाडी तुमची, अण्णा. खुशाल ठेवून घ्या.